चौघांचं खातं

"वय लिहायचं, खातं लिहायचं, नोकरीची वर्षं लिहायची. मग नाव तेवढं कशाला सोडलंत, मॅडम?"

शालन खोत यांनी फॉर्म माझ्याकडं परत सरकवला. दूध संघाच्या कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. दुपारची जेवणं आटोपली होती आणि मावशी टेबलं पुसत होत्या. मी हसले. समोरचा माणूस बुजला तर हसून त्याला मोकळं करायचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

"अहो ताई, दीडशे फॉर्म आहेत. सगळे एकात एक मिसळणार. तुमच्याकडं नाही का, चाळीस गावांचं दूध येतं आणि एकाच टाकीत जातं? मग कुठल्या म्हशीचं कुठलं, ओळखू येतं का?"

"येतं की," त्या म्हणाल्या. "टाकीत ओतायच्या आधी मी तपासते. तेच तर काम आहे माझं."

मी पुन्हा हसले. त्या हसल्या नाहीत.

"लॅबमध्ये आम्ही चौघं. तीन बाप्ये आणि मी. बाई, वय एक्केचाळीस, नोकरी पंधरा वर्षं, खातं लॅब. एवढं कळल्यावर शेंबडं पोरसुद्धा सांगंल कोण ते."

"हे कागद संघातल्या कुणाच्याही हाताला लागणार नाहीत. मी शब्द देते तुम्हाला. अगदी निर्धास्त लिहा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. बाकीच्यांना पंधरा मिनिटं लागायची, त्यांना चाळीस लागली. प्रत्येक वाक्याखाली बोट धरून त्या वाचायच्या, थांबायच्या, मग खूण करायच्या. मी घड्याळ बघत होते. दोन महिन्यांची गरोदर होते आणि चारची एसटी गाठायची होती.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मानसशास्त्रात एम. ए. करून मी डॉ. मगदूम मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय होता कामाच्या ठिकाणी होणारा छळ आणि माणसांचं मनःस्वास्थ्य. एकदा फॉर्म भरून घ्यायचे, सहा महिन्यांनी तेच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचे आणि काय बदललं ते बघायचं. संघाचं नाव मी सांगणार नाही. सांगलीहून एसटीनं तासाभरावर, एवढं पुरे.

शालनताईंचा फॉर्म मी परतीच्या गाडीतच वाचला. चोवीस वाक्यांपैकी सतरांसमोर 'रोज' वर खूण होती. मुद्दाम वगळलं जातं, रोज. केलेलं काम सगळ्यांदेखत पुन्हा तपासलं जातं, रोज. टोपणनावानं चिडवलं जातं, रोज. त्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'हरिश्चंद्र'. शेवटी दोन ओळी मोकळ्या होत्या, आणखी काही सांगायचं असल्यास. बहुतेकांनी तिथं 'काही नाही' लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'एका संचालकांच्या गावचा टँकर मी नापास केला. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोललेलं नाही. दुधाचा रिझल्ट सांगण्यापुरतंच बोलतात. माझी खुर्ची दुरुस्तीला म्हणून नेली ती आली नाही. घरी गेल्यावर कधी बोलले तर माझा आवाज मला परका वाटतो.'

ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ जे मनात आलं तेही सांगते. मनात आलं, काय सुंदर अवतरण मिळालं.

महिन्याभरानं खराडे साहेबांनी बोलावून घेतलं. संघाचं कर्मचारी खातं त्यांच्याकडं होतं. माणूस अतिशय गोड. गेल्या गेल्या मसाला दूध मागवलं, पंखा माझ्याकडं वळवला.

"कितवा, मॅडम?"

"तिसरा."

"जपा. आमच्या सौ. म्हणतात, पहिले तीन काचेचे." मग खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाले, "दुसऱ्या फेरीची परवानगी पंचवीस तारखेच्या मीटिंगला ठेवलीय. पण संचालकांना काहीतरी दाखवावं लागंल. खातेवार थोडं कळलं तर बरं होईल."

"सर, खातेवार देता येत नाही. सगळ्यांचं मिळून देते."

"देऊ नका की. पण आम्हाला सुधारायचंय हो. कुठं दुखतंय तेच कळलं नाही, तर लेप लावायचा कुठं?"

दहाच्या आत माणसं असलेलं खातं वेगळं दाखवायचं नाही, हा नियम मला पाठ होता. परीक्षेत त्यावरचा प्रश्नही मी सोडवला होता. आणि परवानगी गेली असती तर वर्ष गेलं असतं, बाळंतपणानंतर मी पुन्हा उभी राहिले असते की नाही कुणास ठाऊक, हेही मला पाठ होतं. दोन दिवसांनी मी त्यांना तक्ता नेऊन दिला. अकरा खाती, अकरा पट्ट्या. लॅबची पट्टी सगळ्यांत उंच. खाली तिरक्या अक्षरांत ते अवतरण. टँकरचं आणि खुर्चीचं वाक्य मी काढून टाकलं होतं. त्यावरून ओळख पटेल म्हणून. तेवढी काळजी मी घेतली होती.

साहेबांनी अवतरण दोनदा वाचलं. "सुरेख लिहिलंय कुणीतरी," ते म्हणाले. मग उंच पट्टीवर बोट ठेवून, "लॅबमध्ये तर चारच माणसं."

"नाव नाहीये सर कुठं."

"छे, छे. नाव कुठंच नाही," ते म्हणाले आणि तक्त्याची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

सप्टेंबरात संघानं खरोखरच कार्यक्रम ठेवला. 'आनंदी मन, आनंदी काम'. कोल्हापूरहून वक्ते आणले, हास्याचे व्यायाम झाले, पेढे झाले. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. संशोधनानं काही बदलतं, असं आपण नुसतंच म्हणतो. इथं ते डोळ्यांसमोर घडत होतं.

शेवटी कुणाला दोन शब्द बोलायचेत का, असं विचारल्यावर लॅबचे प्रमुख कुंभोजकर उठले. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. माइक हातात घेऊन म्हणाले, "आमच्या लॅबमध्ये म्हणे चार-चार महिने कुणाशी कुणी बोलत नाही. दुधाचा रिझल्ट सांगण्यापुरतंच बोलतात म्हणे. आमच्याच माणसाला घरी गेल्यावर स्वतःचा आवाज परका वाटतो."

सभागृहात हशा उसळला.

"चुकलंच आमचं. आता ठरलं. आजपासून लॅबमध्ये सगळ्यांनी बोलायचं. भरपूर बोलायचं. कुणाची तक्रार नको."

टाळ्या पडल्या. खराडे साहेबही वाजवत होते. तिसऱ्या रांगेतून शालनताई वळल्या आणि माना उंच करून टाळ्या वाजवणाऱ्या लोकांतून त्यांनी मला शोधून काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता. दुधात लॅक्टोमीटर सोडल्यावर तो किती खाली जातोय ते बघतात ना, तशा त्या बघत होत्या. मी पेढ्याच्या कागदाची नीट घडी घालायला लागले.

जानेवारीत दुसरी फेरी आली. मला आठवा लागला होता. कँटीनमध्ये सगळे येऊन गेले, शालनताई आल्या नाहीत, म्हणून फॉर्म घेऊन मीच लॅबमध्ये गेले.

त्या उभ्या राहून नळ्यांमध्ये दूध घालत होत्या. पलीकडच्या टेबलांशी लॅबमधले दोघं तरुण. आत दूरच्या खुर्चीवर कुंभोजकर, पेपर वाचत.

"खोतबाई, गारठा वाढलाय नाही?" एक जण म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या.

"खोतबाई, डब्याला काय आणलंय?" दुसरा.

"मेथी."

"मेथी आणलीय म्हणे रे. खोतबाई, बोललो बरं का तुमच्याशी. लिहून घ्या."

"हो."

"खोतबाई, ओ खोतबाई."

"काय?"

"काही नाही. म्हटलं बोलावं. लिहून घ्या."

आवाज अगदी साधे, कुणी चढवलेले नव्हते. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर वाटलं असतं, किती मनमिळाऊ माणसं आहेत. मला मोजायची सवय. दहा मिनिटांत सतरा वेळा. दर वेळी त्या हातातलं काम थांबवून 'हो' म्हणायच्या. आठ तासांचे किती होतात, ते मी तिथं केलं नाही. नंतर पुष्कळदा केलं.

फॉर्म त्यांनी हातात घेतला, बाजूच्या कट्ट्यावर ठेवला आणि 'कधीच नाही' च्या रकान्यातून वरून खाली पेन चालवत नेलं. चोवीस खुणा. एक मिनिटही लागलं नाही. मनःस्वास्थ्याच्या पानावर सगळीकडं 'उत्तम'.

"ताई, वाचून भरा ना."

"वाचलंय. मागच्या वेळचं पाठ आहे मला."

"सगळंच कधीच नाही?"

"आता सगळे बोलतात माझ्याशी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं, आत गेल्या आणि कुठूनतरी एक स्टूल घेऊन आल्या. "बसा. पोट खाली उतरलंय तुमचं. एवढ्या लांब एसटीनं येऊ नका आता."

"तुम्ही बसा, ताई."

"मला सवय झाली."

मी बसले. त्या उभ्या होत्या आणि मी त्यांनी दिलेल्या स्टुलावर बसून त्यांचा फॉर्म पिशवीत घातला.

पहिल्या फेरीत सर्वाधिक छळ सांगणारी अकरा माणसं होती. सहा महिन्यांत त्यांच्यात फरक पडला का, एवढाच माझ्या प्रबंधाचा कळीचा प्रश्न. आकडे मांडले तर फरक होता, पण तो निव्वळ योगायोग नव्हे असं म्हणायला थोडा कमी पडत होता. शालनताईंचा फॉर्म धरला की पुरत होता.

मगदूम मॅडमची नजर तीक्ष्ण. गठ्ठ्यातून तो फॉर्म त्यांनी बरोबर वेगळा काढला.

"हा बघितलास का? सगळ्या खुणा एका ओळीत. असा फॉर्म आपण बाजूला ठेवतो. का, सांग."

"न वाचता भरलेला असतो म्हणून."

"किंवा भिऊन. मग हा ठेवायचा बाजूला?"

खिडकीबाहेर मैदानावर कुणीतरी क्रिकेटचा सराव करत होतं. मला दोन आठवड्यांनी माहेरी जायचं होतं. मला तो प्रबंध संपलेला हवा होता.

"नको, मॅडम. तो माझ्यासमोर भरलाय. त्यांनी एकेक वाक्य बोट ठेवून वाचलं. मी बघत होते."

यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त तो पहिल्या फॉर्मचा होता. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि फॉर्म गठ्ठ्यात परत ठेवला. "समोर होतीस म्हणजे प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या.

माहेरी जाण्याआधी दुसऱ्या फेरीचा खातेवार तक्ताही मी खराडे साहेबांना पाठवून दिला. फेब्रुवारीअखेर मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी माहेरी बायकांची गर्दी, माजघरात घुगऱ्या शिजत होत्या. तेवढ्यात फोन आला.

"मॅडम, शालन खोत बोलते. मुलगी झाली म्हणे. कशी आहे?"

"बरी आहे, ताई. तुम्ही कशा आहात?"

"मी काय, चाललंय." मग एक श्वास. "मी लेखी तक्रार केली, मॅडम. समिती बसलीय. सोमवारी मला बोलावलंय. ते तुमचा दुसरा तक्ता पुढं करतायत. लॅब शून्य. चौघांचं शून्य म्हणजे तुमचंही शून्यच, म्हणतात. तुम्हीच लिहून दिलंय, म्हणतात. पहिला तक्ता मागितला तर तो कच्चा होता, ठेवला नाही म्हणाले."

मी फोन घेऊन परसात गेले.

"माझा पहिला फॉर्म तुमच्याकडं असंल ना? अक्षर माझं आहे, तारीख आहे. तेवढा मिळाला तर बघा. दुसरं काही नाही माझ्याकडं."

"ताई, ते फॉर्म गोपनीय असतात हो."



"माझाच आहे की," त्या म्हणाल्या.

"तरी... नियम असतो. मी आमच्या मॅडमना विचारून सांगते."

"सोमवारच्या आत?"

"हो, हो. सोमवारच्या आत."

फॉर्मचे गठ्ठे मी माहेरी सोबत आणले होते; तो फॉर्म माझ्या खाटेखाली पेटीत होता. बारसं उरकल्यावर दुसऱ्या दुपारी मी तो काढला, वाचला आणि पुन्हा ठेवला. तो बाहेर आला असता तर मॅडमनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले असते. मग मला विचारलं असतं, बोट ठेवून वाचलं म्हणालीस ते कुठल्या वेळी? मी मॅडमना फोन केलाच नाही. सोमवारी सकाळी फोन दोनदा वाजला. मी पाळणा हलवत होते. हात मोकळा नव्हता, असं मी आईला सांगितलं. आईनं काही विचारलं नव्हतं.

पण बाळ झोपेना झालं की मलाही झोप यायची नाही, आणि ती झोपली तरी यायची नाही. तिचा श्वास चालू आहे का ते मी नाकाशी बोट धरून बघायचे. आई म्हणायची, पहिलटकरणीला होतं असं. सव्वा महिना झाला त्या दिवशी मी मुलीला आईजवळ दिलं, फॉर्म पर्समध्ये घातला आणि एसटीत बसले. कुंभोजकरांच्या तोंडावर फॉर्म ठेवायचा, खराडे साहेबांना जाब विचारायचा, शालनताईंच्या पाया पडायचं, असं सगळं मी वाटेत घोकून ठेवलं होतं.

लॅबमध्ये तिघं होते.

"खोतबाई?" कुंभोजकर म्हणाले. "त्यांनी राजीनामा दिला की. समितीसमोरच. काही बोलायचंय का विचारलं तर म्हणाल्या, नाही. सही केली आणि गेल्या. बसा ना, मॅडम. पेढे कुठायत?"

बाहेर पडताना दारातल्या फळ्यावर माझा दुसरा तक्ता दिसला. काचेच्या चौकटीत. लॅबच्या जागी पट्टीच नव्हती.

शालनताई गावात भाड्यानं राहायच्या, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्याला बरीच वर्षं झाली होती. घर शोधत गेले. मालकीणबाई अंगणात शेंगा फोडत होत्या.

"खोतबाई न्हाई ऱ्हायल्या हितं. पंधरा दिस झालं. जागा धुऊनपुसून दिली बगा, चुलीचा कट्टासुदिक."

"कुठं गेल्या?"

"सांगितलं न्हाई. आनि आमी बी इचारलं न्हाई, बाई. इचारायचं तरी कसं? शेवटाला तिला बोलल्यालंच सोसना. म्या नुस्तं 'चा घेती का' म्हटलं तर अशी दचकायची, जनू म्या दगुड मारला. मग म्हनायची, हो. चा न्हाई घ्यायची. नुस्तं हो म्हनायची."

त्यांच्याकडून भावाचा नंबर मिळाला. भाऊ अथणीला. तो म्हणाला, "आक्का इकडं नाही आली. तिकडंच आहे न्हवं? दिवाळीत फोन केला तेव्हा सगळं छान चाललंय म्हणाली." शालनताईंचा स्वतःचा नंबर तेव्हापासून बंद आहे. भावानं पोलिसांत कळवलं. दोनदा मी त्याच्यासोबत गेले. शोध कुठंच लागला नाही.

मगदूम मॅडमना मी सगळं सांगितलं. तोवर त्या आकड्यांवर आमचा लेख छापून आला होता; तो त्यांनी मागं घेतला, मला पुन्हा प्रबंध करायला लावला नाही आणि मीही केला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आणि ती बाई?"

मुलगी आता शाळेत जाते. दारात तिच्या बाई भेटल्या की मी इतके प्रश्न विचारते, की परवा त्या म्हणाल्या, "अहो, छान रमलीय ती, तुम्ही उगाच काळजी करता." मी घरी आले आणि दुपारी परत शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. ती कुणाशेजारी डबा खाते ते मला बघायचं होतं.

शालनताई आता सत्तेचाळिशीच्या असतील. उंच, सडपातळ, हनुवटीच्या उजव्या बाजूला भाजल्याचा बारीक डाग. दूध पातेल्यात ओतण्याआधी वास घेतल्याशिवाय राहणार नाहीत. मिरजेकडं, अथणीकडं, जमखंडीकडं, कुठंही असतील. कुठल्यातरी गल्लीत, कुठल्यातरी पाठीमागच्या खोलीत. तुमच्या शेजारी अशी कुणी राहायला आली असेल, आपण हाक मारली की दचकत असेल, तर आज एकदा तिच्याकडं जाऊन या. फोनवर चौकशी करू नका. कशा आहात, असंही विचारू नका, ती छान आहे म्हणेल. थोडा वेळ काही न बोलता शेजारी बसा, आणि तिच्याकडं नीट बघा.